हिंगणा एमआयडीसीतील मेटल स्प्रे कार्यशाळा: तापत्या पोलादावरील थरांच्या कामाचे परीक्षण

हिंगणा एमआयडीसीतील या कार्यशाळेत पोलादी भागांवर धातूचे थर फवारून दिले जातात. झिजलेले शाफ्ट भरून देण्याचे नेहमीचे काम येथे होतेच. परंतु भट्टी, धुराडे, बर्नर अशा सतत तापणाऱ्या ठिकाणी बसणाऱ्या भागांचे काम ही मंडळी ज्या समजुतीने करतात, ती मला नागपुरात इतरत्र आढळलेली नाही, आणि हे परीक्षण मुख्यतः त्याच कामाबद्दल आहे. आमच्या कारखान्यात फोर्जिंगच्या मालावर उष्णोपचार करणाऱ्या तेलाच्या भट्ट्या आहेत व त्यांची देखभाल माझ्याकडे आहे. मागच्या उन्हाळ्यात डँपरच्या (धुराचा प्रवाह कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या) पात्या, धुराच्या मार्गातील बाक म्हणजे वळणाचे भाग आणि थर्मोकपल या तापमान मोजणाऱ्या साधनाच्या संरक्षक नळ्या आम्ही येथे दिल्या. त्यानंतरचा पावसाळा, हिवाळा आणि आताचा उन्हाळा या भागांनी भट्टीवर काढला आहे, म्हणून त्यांच्याबद्दल आता खात्रीने लिहिता येते.

डँपरची पाती साध्या पोलादाच्या जाड पत्र्याची असते. भट्टीतून निघणारा धूर तिच्यावरून जातो तेव्हा तिचे तापमान 550 ते 650 अंश सेल्सिअसच्या दरम्यान असते आणि साप्ताहिक सुटीला भट्टी बंद झाली की ती पूर्ण थंड होते. पोलादाच्या दृष्टीने तापमानाचा हा पट्टा फार वाईट आहे. सुमारे 570 अंशांच्या खाली पोलादावर चढणारी ऑक्साइडची खपली तुलनेने सावकाश वाढते. त्याच्या वर वूस्टाइट नावाचा लोखंडाचा ऑक्साइड तयार होऊ लागतो, त्यातून लोखंडाचे अणू सहज बाहेर सरकतात आणि खपली झपाट्याने जाड होते. थंड होताना ती तडकून गळते, खालचे कोरे पोलाद उघडे पडते आणि पुढच्या वेळी तेही जळते. म्हणून पात्यांवर संरक्षक थर असणे आवश्यकच होते. या कार्यशाळेत येण्यापूर्वी एका प्लेटिंगवाल्याने चकचकीत निकेल व त्यावर क्रोम असे काम, सातशे अंशांना काही होत नाही असे छातीठोकपणे सांगून, करून दिले होते. काही आठवड्यांतच पात्यांवर फुगे आले आणि पुढे थराचे पोपडे हाताने सोलून निघू लागले.

असे का झाले, हे येथील मालकांनी एक पोपडा हातात घेऊन समजावून दिले, आणि त्यांचे बोलणे ऐकूनच काम यांच्याकडे द्यावे असे मला वाटले. त्यांनी पोपड्याची मागची बाजू आधी पाहिली, पुढची नंतर. नुकत्याच सुटलेल्या भागात मागची बाजू स्वच्छ आणि गुळगुळीत होती. याचा अर्थ थराने पोलादाला नीट धरलेलेच नव्हते. पकड चांगली असती तर थर पोलादाच्या पृष्ठापासून असा अलगद सुटला नसता, तो स्वतःच आतून फाटला असता. मग त्यांनी पोपडा बोटांत वाकवला, तो लगेच मोडला. निकेलला चकाकी यावी म्हणून प्लेटिंगच्या द्रावणात जी रसायने घालतात, त्यांतून थोडे गंधक थरात शिरते. तापमान दोनशे अंशांच्या बरेच वर गेले की ते निकेलच्या स्फटिककणांच्या सीमांवर गोळा होते आणि थर ठिसूळ होतो. शिवाय प्लेटिंग करताना पोलादात शिरलेला हायड्रोजन तापल्यावर बाहेर पडू पाहतो आणि जेथे पकड कच्ची असेल तेथे थर उचलून धरतो. दुचाकीच्या हँडलवर वर्षानुवर्षे टिकणारे काम भट्टीवर टिकत नाही, त्याची ही दोन मोठी कारणे आहेत.

नव्या कामाची चर्चा त्यांनी एका प्रश्नाने सुरू केली: “भाऊ, भट्टीत जाळता काय, ते आधी सांगा.” तापमानाची चौकशी त्यानंतर आली. हा क्रम योग्य आहे आणि तो का योग्य आहे हे प्रत्येक देखभाल विभागाला माहीत असले पाहिजे. आम्ही फर्नेस ऑइल जाळतो आणि त्यात गंधकाचे प्रमाण वजनाच्या काही टक्क्यांपर्यंत असू शकते. शुद्ध निकेल 1455 अंशांना वितळते, पण गंधकाशी संयोग होऊन निकेल सल्फाइड तयार झाले की निकेल व त्या सल्फाइडचे मिश्रण सुमारे 640 अंशांनाच द्रवरूप होते. म्हणजे आमच्या पातीच्या नेहमीच्या तापमानाला, अगदी वरच्या टोकाला, निकेलच्या थरात द्रव तयार होण्याची पूर्ण शक्यता होती. फर्नेस ऑइलच्या राखेत व्हॅनेडियमही असते आणि त्याची सोडियमबरोबर होणारी संयुगे याच पट्ट्यात वितळून थरावर पसरतात व ऑक्साइडचे संरक्षण विरघळवतात. या सगळ्याचा विचार करून त्यांनी वितळवून फवारण्याची 80 टक्के निकेल व 20 टक्के क्रोमियमची नेहमीची तार बाजूला ठेवली आणि क्रोमियमचे प्रमाण 45 टक्क्यांच्या आसपास असलेली मिश्रधातूची तार सुचवली, कारण अशा धुरात क्रोमियमचा ऑक्साइड टिकाव धरतो. ती तार महाग आहे. मात्र गॅसवर भट्टी चालवणाऱ्या ग्राहकाला ती विकत नाही, त्यांना 80-20 पुरेशी आहे, असेही त्यांनी सांगितले, आणि हा स्पष्टपणा मला महत्त्वाचा वाटतो.

यानंतरचे त्यांचे प्रश्न अधिक नेमके होते: कमाल तापमान किती, भट्टी आठवड्यातून किती वेळा थंड होते, पातीच्या कोणत्या बाजूवर धूर आदळतो, बोल्टची छिद्रे थर लावण्याआधी पाडणार की नंतर. थंड होण्याच्या फेऱ्यांबद्दल विचारणारा ठेकेदार मी प्रथमच पाहिला. एकदा तापून तसाच राहणारा भाग आणि वारंवार तापून थंड होणारा भाग यांत थराच्या पकडीच्या दृष्टीने मोठा फरक आहे, कारण थराला उखडणारा जोर मुख्यतः तापमानाच्या बदलातून येतो.

हा जोर किती असतो याचा अंदाज साध्या गणिताने येतो. तापमान एक अंशाने वाढले की साधे पोलाद आपल्या लांबीच्या सुमारे दशलक्षांश 12 भागांनी वाढते. निकेलसाठी हा आकडा सुमारे 13, क्रोमियमसाठी 6 ते 7, ॲल्युमिनियमसाठी 23 आणि जस्तासाठी सुमारे 30 आहे. आता 600 अंशांचा बदल धरला, तर एक मीटर लांबीत निकेल व पोलाद यांच्यात जेमतेम अर्ध्या मिलीमीटरच्या आसपास तफावत पडते, क्रोमियम व पोलाद यांच्यात सुमारे 3 मिलीमीटर आणि ॲल्युमिनियम व पोलाद यांच्यात साडेसहा मिलीमीटरहून अधिक. थर पोलादाला चिकटलेला असल्यामुळे ही तफावत मोकळी होऊ शकत नाही, ती ताणाच्या रूपाने जोडाच्या ठिकाणी साचते. तरीही ॲल्युमिनियमचा थर पोलादावर टिकतो आणि कडक क्रोमचा तडकतो, कारण ॲल्युमिनियम मऊ आहे व स्वतः थोडे वाहून ताण सोडून देते, तर क्रोमियम ठिसूळ असल्याने त्याला फुटण्यावाचून मार्ग नसतो. ज्यात क्रोमियम भरपूर आहे पण निकेलने त्याला लवचीकपणा दिला आहे आणि ज्याचे प्रसरण पोलादाच्या जवळ राहते, असा मिश्रधातू निवडण्यामागे हे कारण आहे.

या वरच्या थराखाली त्यांनी 95 टक्के निकेल व 5 टक्के ॲल्युमिनियमचा सुमारे 0.1 मिलीमीटर जाडीचा पकडथर फवारला. निकेल व ॲल्युमिनियम एकत्र येताना उष्णता बाहेर पडते. या मिश्रधातूचे थेंब पोलादावर फार तापलेल्या अवस्थेत आदळतात, आणि इतर फवारलेले धातू केवळ खडबडीत पृष्ठात अडकून राहतात तेथे हे थेंब काही ठिकाणी पोलादाशी अतिसूक्ष्म प्रमाणात जुळूनही येतात. पकडथराचे वरचे पृष्ठही खडबडीत राहते, त्यामुळे पुढच्या थराला धरायला जागा मिळते. दोन थर म्हणजे दोन जोड आले आणि त्यांतला कोणताही कच्चा राहिला तर सगळे वाया जाते. म्हणून पकडथरावर हात लागू न देता, मध्ये खंड न पाडता दुसरा थर फवारला गेला पाहिजे, असा येथील दंडक आहे आणि तो मी पाळला जाताना पाहिला.

खरी परीक्षा मात्र फवारणीपूर्वीच्या तयारीत होते. सिमेंटच्या गुळगुळीत भिंतीला टाचे मारल्याशिवाय गिलावा धरत नाही, तसाच हा प्रकार आहे. पोलादाचे पृष्ठ ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या टोकदार दाण्यांच्या झोताने खरवडून इतके स्वच्छ करावे लागते की त्यावर गंज, खपली किंवा जुन्या थराचा मागमूसही उरू नये आणि ते सगळीकडे सारखे करडे, मंद पांढुरके दिसावे. येथे त्यासाठी वाळू वापरत नाहीत. वाळूची धूळ फुफ्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो, हे कामगारांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. आणि वाळूचे दाणे लगेच फुटून बोथट होतात, हे कामाच्या दृष्टीने. दाणे गोल झाले की पृष्ठ वरवर स्वच्छ दिसते पण त्यावर धार राहत नाही, म्हणून हे लोक दाणे वेळोवेळी चाळून बारीक झालेले टाकून देतात. चाळणीखाली पडलेला ढीग मी पाहिला. पुष्कळ ठिकाणी तोच ढीग पुन्हा टाकीत जातो.

ब्लास्टिंग सुरू करण्यापूर्वी तेथील कारागिराने कॉम्प्रेसरच्या नळीचे तोंड एका पांढऱ्या टीपकागदावर धरून हवा सोडली आणि कागद उजेडात आडवा-उभा करून पाहिला. हवेत तेलाचा किंवा पाण्याचा अंश असेल तर कागदावर डाग उमटतो. पहिल्या कागदावर मधोमध एक फिकट ओलसर ठिपका दिसला. त्याने कोणालाही न विचारता काम थांबवले, हवेच्या सापळ्यातील पाणी काढले, दुसरा कागद धरला आणि तो कोरा राहिल्यावरच झोत पातीकडे वळवला. पातीच्या कडा त्याआधी ग्राइंडरने थोड्या गोल करून घेतल्या होत्या, कारण तीक्ष्ण कडेवर थर पातळ बसतो आणि उखडण्याची सुरुवात जवळजवळ नेहमी कडेपासूनच होते. ब्लास्टिंग झालेल्या भागाला उघड्या हाताने स्पर्श करणे येथे वर्ज्य आहे. बोटांचा घाम आणि तेल डोळ्यांना दिसत नाही, परंतु थराच्या खाली ते कायमचे राहते.

फवारणीची पद्धत इलेक्ट्रिक आर्कची आहे. दोन तारा एकमेकींजवळ आणून त्यांच्यात विजेचा आर्क पेटवतात, टोके वितळतात आणि संपीडित हवेचा झोत वितळलेल्या धातूचे थेंब पातीवर फेकतो. धातू फवारण्याची मूळ कल्पना स्वित्झर्लंडच्या माक्स उलरिख शूप यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रत्यक्षात आणली आणि तिचे तत्त्व आजही तेच आहे: थेंब आदळतो, चपटा होतो, गोठतो आणि त्याच्यावर दुसरा बसतो. गोठताना प्रत्येक थेंब आकुंचन पावतो, म्हणून थरात सुरुवातीपासूनच ताण असतो. कारागीर बंदूक पृष्ठाशी काटकोनात धरून सतत हलती ठेवत होता आणि मधूनमधून थांबून पातीच्या मागच्या बाजूचे तापमान मोजत होता. एकाच जागी फवारत राहिल्यास पाती तापते आणि थंड झाल्यावर ताण वाढतो, हे त्याचे उत्तर होते. त्याचे शिक्षण मी विचारले नाही, पण त्याच्या हाताला हे काम पूर्ण कळलेले आहे.

थराच्या जाडीवरून आमची थोडी चर्चा झाली. आमच्या खरेदी विभागाची मागणी होती की पैसे द्यायचेच आहेत तर वरचा थर दुप्पट जाड द्यावा. मालकांनी नकार दिला आणि 0.3 मिलीमीटरवर ठाम राहिले. त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून आहे: तापमान बदलताना थरात साठणारी ताणाची ऊर्जा जाडीच्या प्रमाणात वाढते, जोडाची ताकद मात्र जाडीने वाढत नाही, म्हणून ठराविक मर्यादेनंतर जाड थर अधिक लवकर सुटतो. कोराडी आणि खापरखेड्याच्या औष्णिक केंद्रांमुळे आपल्याकडे थर म्हटले की राखेने होणारी झीज प्रथम डोळ्यांसमोर येते. भारतीय कोळशात राख बहुधा 30 ते 45 टक्के असल्यामुळे ते स्वाभाविकही आहे. झिजेच्या विरुद्ध जाडी आणि कठीणपणा उपयोगी पडतात. उष्णतेच्या फेऱ्यांत मात्र जाडीवर विसंबून चालत नाही, आणि ग्राहक जास्त पैसे देऊ पाहत असताना हे सांगणारा व्यावसायिक विश्वास ठेवण्याजोगा आहे.

पकड मोजायची कशी, हा या क्षेत्रातील सर्वांत अवघड प्रश्न आहे. एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेच्या सी 633 या प्रमाणित चाचणीत थर लावलेला दंडगोल दुसऱ्या दंडगोलाला गोंदाने चिकटवून दोन्ही ओढून तोडतात व किती मेगापास्कलला (ताण मोजण्याचे एकक) सुटले हे पाहतात. परंतु गोंद स्वतःच साधारण 70 ते 80 मेगापास्कलच्या आसपास तुटतो, त्यामुळे त्याहून मजबूत जोड मोजता येत नाही; आणि गोंद उष्णता सहन करत नसल्याने ही चाचणी नेहमीच्या तापमानाला होते. म्हणजे प्रमाणपत्रावरील आकडा थंड थराचा असतो. एएसटीएम बी 571 मध्ये प्लेटिंगसाठी तापवून पाण्यात बुडवण्याची एक चाचणी आहे, तिच्यात पोलादावरील निकेल वा क्रोमसाठी 300 अंशांपर्यंत तापवतात. आमच्या पातीला लागणाऱ्या तापमानाच्या ती निम्म्यापर्यंतच पोहोचते. म्हणून आम्ही पात्यांसोबत त्याच पत्र्याचे तुकडे देऊन त्यांवर तसाच थर लावून घेतला, एक तुकडा त्यांच्या समोर वाकवला आणि उरलेले आमच्या भट्टीत 650 अंशांपर्यंत तापवून हवेत थंड करण्याच्या फेऱ्यांतून नेले.

वाकवलेल्या तुकड्यावर बाहेरच्या बाजूने बारीक भेगा पडल्या, पण भेगांमधले तुकडे पोलादाला धरून राहिले. छिन्नीने टोचूनही ते पापुद्र्यासारखे उचलले गेले नाहीत. तापवलेल्यांपैकी एक तुकडा कापून, घासून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पोलाद आणि पकडथर यांच्यामधली रेषा खडबडीत आणि अखंड दिसत होती. वरच्या थरात चपट्या थेंबांच्या मध्ये ऑक्साइडच्या गडद रेघा व काही छिद्रे होती, जी आर्कने फवारलेल्या थरात अपेक्षितच असतात. एका जागी पकडथराच्या अगदी खाली ब्लास्टिंगचा एक दाणा पोलादात रुतून राहिलेला आढळला आणि त्याच्याभोवती जोड थोडा उघडा होता. ही बाब मी त्यांना चित्रासह दाखवली. त्यांनी ती मान्य करून ब्लास्टिंगनंतर स्वच्छ हवेने पृष्ठ अधिक वेळ फुंकण्याची सूचना कारागिरांना माझ्या समोरच दिली.

छिद्रांचा प्रश्न दुर्लक्षून चालत नाही. त्यांतून ऑक्सिजन खाली पोहोचला तर पोलाद थराखालीच ऑक्साइड बनू लागते, आणि लोखंडाचा ऑक्साइड मूळ लोखंडाच्या पावणेदोनपट किंवा त्याहून अधिक जागा व्यापत असल्यामुळे तो थराला आतून ढकलून सोडवतो. म्हणून येथे फवारणीनंतर सिलिकोन रेझिनमधील ॲल्युमिनियम रंगाचा पातळ हात मारून छिद्रे बुजवतात. रेझिनचा भाग पहिल्या तापण्यात जळून जातो, ॲल्युमिनियमचे कण मात्र छिद्रांत बसून राहतात. पहिल्यांदा भट्टी पेटवताना तापमान सावकाश चढवावे, अशी लेखी सूचना त्यांनी चलनाच्या मागे स्वतःच्या हाताने लिहून दिली होती.

धुराच्या मार्गातील बाकांवर आणि नळ्यांवर, जेथे तापमान 500 अंशांच्या आतच राहते, त्यांनी केवळ ॲल्युमिनियम फवारले. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळते, म्हणून पात्यांसाठी तो विचार त्यांनी केला नाही. तापलेल्या जोडावर लोखंड व ॲल्युमिनियम एकमेकांत मिसळून जो संयुगाचा पट्टा तयार होतो तो कठीण आणि ठिसूळ असतो. तो पातळ राहिला तर पकड वाढवतो, जाड झाला तर त्यातूनच भेग धावते. गरम बुडवून ॲल्युमिनियम चढवलेल्या पत्र्यात सिलिकॉन मिसळतात ते हा पट्टा पातळ ठेवण्यासाठीच. फवारलेल्या थरात 500 अंशांच्या खाली तो पट्टा फार सावकाश वाढतो, आणि आमच्या बाकांवर तशी काही अडचण दिसलेली नाही.

भट्टीच्या बाजूचे आधार गॅल्व्हनाइज करून घ्यावेत असे आमच्याकडे कोणी सुचवले होते. मालकांनी येथेही स्वतःचा फायदा नसताना योग्य सल्ला दिला. गॅल्व्हनाइज केलेल्या पोलादावर एकच जस्ताचा थर नसतो. पोलादाकडून बाहेर येताना जस्त व लोखंडाच्या मिश्रधातूंचे एकावर एक थर असतात आणि सर्वांत वर शुद्ध जस्त. सुमारे 200 अंशांच्या वर दीर्घकाळ राहिल्यास वरच्या थरातील जस्त खालच्या मिश्रधातूच्या थरांत सरकत जाते, त्याची जागा भरून येत नाही, सीमेवर सूक्ष्म पोकळ्या जमतात आणि वरचा थर सोलून निघतो. आमचे आधार याहून अधिक तापतात. तेथे त्यांनी उष्णता सोसणारा सिलिकोन रंग पुरेसा आहे असे सांगितले, आणि तो रंग ते विकत नाहीत.

आता तक्रारी. पहिली आणि मोठी तक्रार नोंदींची आहे. इतके विचारपूर्वक काम करणारी कार्यशाळा थराची जाडी किती ठिकाणी मोजली, तारेचा बॅच कोणता, ब्लास्टिंग आणि फवारणी यांच्यात किती वेळ गेला, यांपैकी काहीही लिहून ठेवत नाही. आम्ही आग्रह धरला तेव्हा जाडीचे आकडे एका कागदावर मिळाले, पण त्यावर भागाचा क्रमांक नव्हता. वर्षभराने दोन पात्यांत फरक दिसला तर कारण शोधायला या नोंदींशिवाय दुसरा आधार नसतो. मोठ्या कारखान्यांचे गुणवत्ता विभाग अशा कागदांवाचून माल स्वीकारत नाहीत, आणि उत्तम काम येत असूनही त्यांची कामे येथे येत नाहीत, याचे मला वाईट वाटते.

दुसरी तक्रार मुदतीची. पावसाळ्यात नागपूरची हवा दमट झाली की ब्लास्टिंग केलेले पृष्ठ काही तासांतच पिवळसर पडते, आणि पोलादाचे तापमान दवबिंदूच्या (ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे पाणी होऊ लागते त्याच्या) किमान तीन अंश वर असल्याशिवाय फवारू नये हा नियम पाळायचा तर कित्येक दिवस काम बंदच ठेवावे लागते. ते काम थांबवतात हे बरोबर आहे. मात्र थांबल्याचे ग्राहकाला कळवत नाहीत, फोन करून विचारल्यावरच समजते. बंदिस्त आणि हवा कोरडी ठेवणारी खोली त्यांनी बांधली तर हा प्रश्न बराच सुटेल. जागा त्यांच्याकडे आहे. माल बांधून पाठवण्याच्या पद्धतीतही सुधारणा हवी. तयार भाग पोत्यात गुंडाळून एकावर एक ठेवून पाठवल्यामुळे एका बाकाच्या तोंडाकडची कड प्रवासात टवका उडून आली. ती त्यांनी विनामूल्य दुरुस्त करून दिली, पण दुरुस्ती म्हणजे तेथील थर काढून पुन्हा पहिल्यापासून ब्लास्टिंग, आणि त्यात आमचे दिवस गेले.

दर चौरस इंचावर आकारतात. प्लेटिंगच्या तुलनेत खर्च दुपटीहून अधिक येतो, उच्च क्रोमियमच्या तारेमुळे आणखी. नवीन पाती, ती बदलण्यासाठी भट्टी थंड ठेवण्याचा काळ आणि त्या काळात अडून राहणारा माल यांचा हिशेब केला तर हा दर आम्हाला परवडला आहे.

येथे कोणते काम देऊ नये, हेही लिहिणे आवश्यक आहे. बारीक व्यासाच्या नळीची आतली बाजू या बंदुकीने होत नाही, कारण थेंब सरळ रेषेत जातात. झीज आणि उष्णता दोन्ही सोसणारे क्रोमियम कार्बाइडचे दाट थर लागत असतील तर त्यासाठी अतिवेगवान ज्वालेची यंत्रणा लागते, ती यांच्याकडे नाही आणि ते तसे आधीच सांगतात. आणि साध्या कार्बन पोलादाचा भाग 727 अंशांच्या वर-खाली जात असेल तर कोणताही थर घेण्यापूर्वी पोलादच बदलण्याचा विचार करावा. त्या तापमानाला पोलादाची अंतर्गत रचना बदलते आणि तापत असतानाच ते त्या टप्प्यात आकुंचन पावते. वरचा थर त्याच वेळी प्रसरण पावत असतो. प्रत्येक फेरीत जोडाला दोन्हीकडून ताण बसतो. आमच्या दुसऱ्या भट्टीच्या दारामागील पट्ट्यांसाठी मी विचारणा केली तेव्हा मालकांनी याच कारणाने काम घेतले नाही.

आजची स्थिती अशी आहे की पात्यांच्या सपाट भागांवर थर अखंड आहे आणि हातोडीने हलके वाजवल्यास कोठेही पोकळ आवाज येत नाही. धूर ज्या बाजूने आदळतो तेथे रंग काळपट हिरवा झाला आहे, जो क्रोमियमच्या ऑक्साइडचा आहे. दोन बोल्टच्या छिद्रांभोवती नखाएवढ्या जागेत थर उडाला आहे आणि तेथे पोलादाला खपली धरली आहे. पान्याने आवळताना बोल्टचे डोके थरावर घासले गेल्याचे हे परिणाम आहेत, म्हणून पुढच्या पात्यांना छिद्रांच्या तोंडाशी वॉशरएवढा गोल भाग थराविना ठेवून त्यावर स्टेनलेस स्टीलचे वॉशर बसवण्याचे आम्ही त्यांच्याशी ठरवले आहे. पुढच्या मागणीपत्रात प्रत्येक पातीमागे एक चाचणी-तुकडा, भागाच्या क्रमांकासह जाडीचे आकडे आणि तारेच्या बॅचची नोंद अशा अटी घातल्या आहेत. मालकांनी त्या मान्य केल्या असून तुकड्यांचे वेगळे पैसे लावणार नाही असे कळवले आहे. काम पावसाळा सुरू होण्यापूर्वी त्यांच्याकडे पोहोचवायचे आहे.